थ्रिफ्ट लिलावातून जुनी तंतुवाद्यं घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थ्रिफ्ट लिलाव म्हणजे काय? नेहमीच्या सेकंडहँड खरेदीपेक्षा यात वेगळं काय?

लोकांनी दान केलेल्या वस्तू धर्मादाय संस्था आपल्या दुकानांतून विकतात. त्यातली जरा बरी किंवा मौल्यवान वाटणारी वस्तू दुकानात न मांडता ऑनलाइन लिलावाला लावतात. अमेरिकेतल्या गुडविलची शॉपगुडविल ही साइट १९९९ पासून हेच करते. इतर ठिकाणच्या संस्थाही स्वतःच्या साइटवर किंवा मोठ्या लिलावसाइटवर वस्तू टाकतात.

खरा फरक विकणाऱ्यात आहे. ज्याने गिटारचे फोटो काढले, त्याने त्याच तासाभरात दोन कॅमेरे, एक मिक्सर आणि चिनीमातीच्या बाहुल्यांचा खोकाही उरकलेला असतो. त्याला वाद्यातलं कळत नाही, मूळ मालक कोण ते माहीत नाही आणि वाजवून बघायला वेळ नाही. तो फसवत नाही, पण त्याच्या शब्दावर विसंबताही येत नाही. वस्तू ‘आहे तशी’ विकली जाते आणि बहुतेक वेळा परत घेतली जात नाही. म्हणून पारख सगळी तुमच्याच माथी.

घबाड खरंच हाती लागतं का?

क्वचित. हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या वरच्या टोकावर) मार्टिन किंवा गिब्सन अशा नामांकित कंपनीचं नाव ठळक लिहिलेलं असेल, तर जगभरच्या दुकानदारांना त्याची सूचना तुमच्याआधी पोचलेली असते. अशा वाद्याचा भाव शेवटच्या पाच मिनिटांत बाजारभावाला जाऊन टेकतो, कधी कधी उत्साहाच्या भरात त्याच्याही वर जातो.

फायदा आहे तो मधल्या थरात : हार्मनी आणि के या अमेरिकी कंपन्यांच्या गिटारी, जुन्या जपानी गिटारी, कारखान्यात बनलेली जर्मन व्हायोलिनं, चार तारांचे बँजो. त्यातही ज्याला स्वतः थोडीफार दुरुस्ती जमते त्यालाच. प्रत्येक बारीकसारीक कामासाठी कारागिराकडे जावं लागणार असेल, तर दुकानातून दुरुस्त केलेलं, वाजवून बघितलेलं वाद्य घेणं बहुतेकदा स्वस्त पडतं. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण हिशेब तसाच येतो.

फोटोत सगळ्यात आधी काय बघायचं?

गिटार असेल तर नेकचा, म्हणजे लांब दांडीचा, कोन. बाकी सगळं नंतर.

स्टीलच्या तारांचा हलका संच लावला तरी गिटारवर सत्तर किलोच्या आसपास एकूण ताण असतो. पन्नास-साठ वर्षं तो ताण सोसून बॉडी किंचित दुमडते, नेक पुढे झुकते आणि तारा फ्रेटबोर्डपासून (नेकवरच्या, बोटं दाबायच्या पट्टीपासून) वर उचलल्या जातात. मग कुणीतरी तारा खाली आणण्यासाठी सॅडल, म्हणजे बॉडीवरच्या ब्रिजमधली तारा टेकतात ती बारीक पट्टी, घासतं. आणखी काही वर्षांनी ते पुन्हा घासतं. सॅडल संपलं की ब्रिजच रंधून पातळ करतं. शेवटी उरतो तो एकच उपाय : नेक सांध्यातून सोडवून, टाचेचं लाकूड तासून, योग्य कोनात पुन्हा बसवायची. याला नेक रीसेट म्हणतात. बऱ्याच साध्या गिटारींच्या बाबतीत हे काम गिटारच्या किमतीपेक्षा महाग पडतं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला ती हीच.

आता हे फोटोत कसं ओळखायचं? बाजूने घेतलेला, डोळ्यांच्या पातळीवरचा फोटो क्वचितच असतो. म्हणून आडमार्गाने जायचं. ब्रिजचा तिरका फोटो मोठा करून सॅडल किती वर आलंय ते बघा. ब्रिजच्या वर तीनेक मिलिमीटर हाड किंवा प्लास्टिक दिसत असेल, तर खाली जायला जागा शिल्लक आहे. सॅडल ब्रिजच्या लाकडाला जवळपास टेकलेलं दिसलं, तर ते आधीच घासून संपवलंय.

दुसरी खूण तारांच्या सावलीची. फ्लॅशने किंवा एका बाजूच्या दिव्यात काढलेल्या फोटोत प्रत्येक तारेची सावली फ्रेटबोर्डवर पडते. नटपाशी (हेडस्टॉकजवळच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपाशी) तार आणि तिची सावली जवळजवळ चिकटलेल्या असतात. तिथून बाराव्या फ्रेटकडे, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीकडे, नजर न्या. अंतर हळूहळू वाढणं स्वाभाविक आहे, पण शेवटच्या फ्रेटांपाशी सावली शेजारच्या तारेखाली जाऊन पडली असेल, तर त्या तारा भाजी चिरायच्या उंचीवर आहेत. वाजवण्याजोग्या ॲकूस्टिक गिटारमध्ये बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर अंतर असतं. पाच-सहा मिलिमीटर दिसत असेल, तर रीसेटचा खर्च धरूनच बोली लावा.

तिसरी खूण टॉपवरच्या (पुढच्या फळीवरच्या) चमकेची. दिव्याचं प्रतिबिंब ब्रिजच्या मागे फुगून आणि पुढे खळगा पडल्यासारखं वाकलं असेल, तर टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या सुटल्या असण्याची शक्यता धरा.

तारा लावलेल्याच नसतील तर?

मग नेकबद्दल काहीही कळत नाही, आणि ते कळत नाही हाच निष्कर्ष. रीसेट लागणार असं गृहीत धरून आकडा ठरवा. तेवढ्यात मिळाली नाही तर सोडून द्या.

वर्णनात ‘तपासलेलं नाही’ असं लिहिलंय. याचा अर्थ खराब आहे असा घ्यायचा का?

नाही. अर्थ एवढाच, की कुणी हात लावलेला नाही. उलट ‘छान वाजते’ यालाही मी फारसं वजन देत नाही. तारा छेडल्यावर आवाज आला, एवढंच त्यामागे असतं. ‘विंटेज’ आणि ‘दुर्मीळ’ हे शब्द वाचलेच नाहीत असं समजा. मोजमापं मात्र वाचा. टेप लावून घेतलेली लांबी खोटं बोलत नाही, आणि बॅरिटोन उकुलेले (गिटारसारखंच, पण लहान, चार तारांचं वाद्य) ‘लहान मुलांची गिटार’ म्हणून टाकलेलं असतं ते लांबीवरूनच उघडं पडतं.

विक्रेत्याला प्रश्न विचारून काही उपयोग होतो का?

प्रश्न कसा विचारता त्यावर आहे. ‘नेकचा कोन ठीक आहे का?’ याला उत्तर येणार नाही, आलं तर ‘हो’ येईल. त्यापेक्षा असं काम सांगा जे वाद्यातलं काही न कळणाऱ्या माणसाला अर्ध्या मिनिटात करता येईल : ‘बाराव्या धातूच्या पट्टीवर एक नाणं ठेवून ते सर्वांत जाड तारेखाली सरकतं का, त्याचा फोटो मिळेल का?’ किंवा ‘गोल भोकातून मोबाइल आत धरून एक फोटो काढाल का?’ या दुसऱ्या फोटोत आतलं लेबल, शिक्के, सुटलेल्या पट्ट्या आणि जुन्या दुरुस्त्यांचे ठिगळ एकदम दिसतात. विचारायचं ते लिलाव संपायच्या दोन-तीन दिवस आधी. शेवटच्या दिवशी तिथे कुणी संदेश बघत नाही.

हेडस्टॉकवरचं नाव कधीच ऐकलेलं नाही. गिटार फालतू असेल का?

तसं नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकागोतले मोठे कारखाने दुसऱ्यांच्या नावाने ढिगाने वाद्यं बनवत. सिअर्स या कॅटलॉगवाल्या कंपनीने १९१६ मध्ये हार्मनी कारखानाच विकत घेतला होता. तिची वाद्यं आधी सुपरटोन आणि नंतर सिल्व्हरटोन या नावांनी विकली जात. ‘सिल्व्हरटोन’ लिहिलेली गिटार हार्मनीची असू शकते, केची असू शकते, डॅनइलेक्ट्रोचीही असू शकते. म्हणून नाव बाजूला ठेवून हेडस्टॉकचा आकार, ब्रिज आणि टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायचा भाग) बघून कारखाना ओळखायला शिका. कलामझू हे नाव गिब्सनने १९३० च्या दशकात स्वस्त वाद्यांसाठी वापरलं होतं. त्यातल्या ॲकूस्टिक गिटारी आज चांगल्याच मागणीत आहेत.

स्टेलाबद्दल एक सांगायला हवं. हे मूळचं ऑस्कर श्मिट कंपनीचं नाव. १९३९ मध्ये ते हार्मनीकडे गेलं. लेडबेली या जुन्या ब्लूज गायकाच्या हातातली बारा तारांची स्टेला आधीच्या काळातली. लिलावात नव्याण्णव टक्के वेळा दिसते ती हार्मनीने नंतर बनवलेली, बर्चच्या लाकडाची, रंगवलेल्या किनारीची शिकाऊ गिटार. विक्रेता लेडबेलीचं नाव वर्णनात घालतो आणि भाव वाढतो.

हार्मनीच्या हेडस्टॉकवर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ असा छाप दिसला तर खूश होऊ नका. आत पोलादी पट्टी आहे, पण ती फिरवून नेक सरळ करता येत नाही. नेक वाकलेली असेल तर ती वाकलेलीच.

माझी आवड विचाराल, तर हार्मनीची सॉव्हरिन. एच १२६० हे मॉडेल आणि त्याची लहान बहीण एच १६२ यांत टॉप भरीव (प्लाय नसलेल्या) स्प्रूस लाकडाचा असतो. चांगल्या हातून नेक बसवून घेतली, की या गिटारी आपल्या किमतीच्या मानाने फार मोठा आवाज देतात.

वाद्य किती जुनं आहे ते कसं ठरवायचं?

विक्रेत्याने लिहिलेलं साल सोडून द्या. पुरावा वाद्यावरच असतो.

मार्टिनच्या बाबतीत सोपं आहे. आतल्या नेकब्लॉकवर (नेक बॉडीला जोडते त्या ठोकळ्यावर) क्रमांक कोरलेला असतो. १८९८ पासून हे क्रमांक ओळीने चालत आलेत आणि कोणत्या सालाअखेर कितवा क्रमांक झाला याची यादी सहज मिळते. गिब्सनचं मात्र त्रांगडं आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत त्यांनी तेच ते क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून काही सिद्ध होत नाही. हेडस्टॉकच्या मागे ‘मेड इन यूएसए’ असा ठसा असेल तर ती १९७० किंवा त्यानंतरची. १९७७ पासून आठ आकडी क्रमांक आला. त्यातला पहिला आणि पाचवा आकडा जोडला की साल मिळतं.

हार्मनीच्या पोटात शाईचा शिक्का शोधा. ‘एफ’ किंवा ‘एस’ हे अक्षर आणि पुढे दोन आकडे असतील, तर ते आकडे म्हणजे साल.

इलेक्ट्रिक गिटार असेल आणि विक्रेत्याने मागचं झाकण उघडून फोटो दिला असेल (असा विक्रेता भेटला तर त्याची साइटच बुकमार्क करून ठेवा), तर व्हॉल्यूमच्या पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या विद्युत भागाच्या) पाठीवरचे आकडे वाचा. समजा १३७६६३३ असं आहे. १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा. पॉट मूळचा असेल तर गिटार त्याआधीची असूच शकत नाही. नंतरची असू शकते, कारण कारखान्यात पॉट पडून राहत. पण पॉट पुढे कुणी बदललेलाही असू शकतो. सोल्डर जुनं, मळकट आणि एकसारखं दिसत असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

व्हायोलिनमध्ये स्त्रादिवारीचं लेबल आहे! १७२१ साल लिहिलंय!

असतंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मार्कनॉयकिर्शेन, शोनबाख, मिटेनवाल्ड, मिरकूर या गावांतून लाखोंनी व्हायोलिनं बाहेर पडली. कोणत्या नमुन्यावरून बनवलं हे सांगण्यासाठी त्यात स्त्रादिवारी, ग्वार्नेरी, स्टाइनर, अमाती अशा जुन्या नामांकित कारागिरांच्या नावांची लेबलं चिकटवली जात. तेव्हा घेणाऱ्याला ते ठाऊक होतं. नातवंडांना ठाऊक नसतं, आणि दानाच्या खोक्यात पोचेपर्यंत ते ‘घरातलं जुनं स्त्रादिवारी’ झालेलं असतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

लेबलवर खाली ‘जर्मनी’ असं छापलेलं दिसलं तर काळ आणखी पक्का होतो. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. त्यामुळे असं लेबल त्यानंतरचं.

तरी ही व्हायोलिनं टाकाऊ नाहीत. काही उत्तम वाजतात. लेबल विसरून पुढच्या गोष्टी बघा. कडेने जाणारी दुहेरी काळी रेघ खरोखर लाकडात बसवलेली आहे की नुसती रंगवलेली? फोटो मोठा केला, की रंगवलेली रेघ कोपऱ्यांपाशी फिकट किंवा पुसलेली दिसते. बसवलेली असेल तर ती टोकापर्यंत धारदार जाते. ‘एफ’ आकाराच्या भोकापासून निघालेल्या भेगा दुरुस्त होतात. पण पाठीच्या फळीला आतल्या साउंडपोस्टच्या (टॉप आणि पाठ यांच्यामध्ये उभ्या असलेल्या छोट्या लाकडी खांबाच्या) जागी उभी भेग असेल, तर पुढे जा. ती सगळ्यात महागडी दुरुस्ती, आणि केल्यावरही वाद्याची किंमत पडलेलीच राहते. घोडी पडलेली, तारा सैल, आत काहीतरी खुळखुळतंय असं वर्णन असेल तर तो बहुधा सुटलेला साउंडपोस्टच. तो पुन्हा उभा करणं हे कारागिराचं रोजचं काम.

मापही तपासा. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनची पाठ साधारण ३५.६ सेंटिमीटर भरते, तीन-चतुर्थांश आकाराची ३३.५ च्या आसपास. शाळकरी मुलांची लहान व्हायोलिनं या लिलावांत भरपूर येतात आणि वर्णनात आकार लिहिलेला नसतो.

आणि पेटीतला गज बघा! केस झडलेले, काडी मळलेली, म्हणून कुणी त्याकडे लक्ष देत नाही. पेटीत बारीक किडे झाले की ते गजाचे केस कुरतडतात. त्यामुळे लटकणारे केस ही काडी वाईट असल्याची खूण नव्हे. फ्रॉगच्या (हाताकडच्या टोकाला केस अडकवलेल्या ठोकळ्याच्या) वर, काडीवर नाव कोरलेलं असेल तर त्याचा जवळून फोटो मागवा. लेबलप्रमाणेच गजावरची नावंही खोटी असतात हे खरं, पण व्हायोलिनपेक्षा गजच जास्त मोलाचा निघतो असं अधूनमधून घडतं.

टॉप भरीव आहे की प्लायचा, हे फोटोवरून कळतं?

गिटारमध्ये कळतं. गोल भोकाच्या कडेचा फोटो मोठा करा. वरचे रेषे कडेवरून खाली सरळ उतरत असतील तर भरीव. कडेला आडवे थर दिसले तर प्लाय. पण प्लाय म्हणजे टाकाऊ, असं समीकरण मांडू नका. यामाहाची १९६६ मध्ये आलेली एफजी १८० प्लायच्याच टॉपची, तरी लोक ती शोधून शोधून घेतात. प्लायला भेगाही कमी जातात.

गिटार आणि व्हायोलिन सोडून कशाकडे बघावं?

नवख्याने बँजोपासून सुरुवात करावी असं माझं मत. बँजो जवळपास सगळा स्क्रू-नटांनी जोडलेला असतो. चामड्याचं तोंड फाटलंय, दोन हुक गायब आहेत, घोडी नाही, असं दिसलं की लोक घाबरून बोली लावत नाहीत. हे सगळे भाग नवे मिळतात आणि घरच्या घरी बसवता येतात. फक्त नेकला पीळ पडलेला नाही आणि लाकडी रिंग गोलच आहे, एवढी खात्री करा. १९२० च्या दशकात चार तारांच्या टेनर बँजोची लाट होती, म्हणून ते उदंड दिसतात. पाच तारांचा हवा असेल तर खुंट्या मोजूनच पुढे जा, वर्णनावर जाऊ नका.

कलिंगडासारख्या गोल पोटाची, रेघारेघांची जुनी मँडोलिनं फोटोत फार देखणी दिसतात. ती भिंतीवर टांगायला घ्या. वाजवायला घेणार असाल तर सपाट पाठीचं बघा. गोल पोटाच्या मँडोलिनांची नेक बहुधा झुकलेली असते, टॉप खचलेला असतो आणि दुरुस्तीचा खर्च कधीच वसूल होत नाही.

उकुलेलेत मजा आहे. मार्टिन १९१६ पासून उकुलेले बनवते, हवाईतली कामाका कंपनीही त्याच वर्षापासून. नायलॉनच्या तारांचा ताण कमी, म्हणून नेकचे रडगाणे नाही. मारियो माकाफेरीने १९४९ पासून बनवलेली आयलंडर ही प्लास्टिकची उकुलेलेसुद्धा खरोखर वाजतात. फक्त तडा बघून घ्या.

ऑटोहार्प, झिथर, युकेलिन असल्या अनेक तारांच्या पेट्या प्रत्येक लिलावात असतात. तीस-चाळीस गंजक्या तारा बदलून सुरात आणायची हौस असेल तरच.

सतारी येतात का? घ्याव्यात का?

येतात. १९६० आणि ७० च्या दशकांत पाश्चात्त्यांनी हौसेने नेलेल्या सतारी आता दानात निघतात. त्यातल्या बऱ्याच नक्षीला चढ आणि आवाजाला उणे अशा, प्रवाशांसाठी बनवलेल्या असतात. नक्षी सोडून दांडी सरळ आहे का आणि खुंट्या मूळच्या आहेत का ते बघा. सुटलेले पडदे, तुटलेल्या तरफा, बसलेली जवारी यांची काळजी नको, ही नेहमीची कामं आहेत. काळजी भोपळ्याची. चीर गेलेला भोपळा आतून कापड लावून सांधता येतो, पण चेपून तुकडे झालेला सांधता येत नाही. आणि तो धड असला तरी तुमच्यापर्यंत धड पोचेल का, हा प्रश्न उरतोच. वरचा तुंबा काढून वेगळा गुंडाळायला सांगा. शक्य असेल तर सतार स्वतः जाऊन आणा.

कोणत्या दुरुस्तीला घाबरायचं नाही?

नट, सॅडल, तारा, ब्रिजच्या खुंट्या, ट्यूनरची ठिसूळ होऊन चुरा झालेली बटणं : किरकोळ. टॉपवर रेषांच्या दिशेने गेलेली सरळ भेग, कडेचा उघडलेला सांधा, आत सुटलेली पट्टी : साधं काम, कारण जुना सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो आणि पुन्हा लावता येतो.

भीती वाटावी ती आधीच्या ‘दुरुस्ती’ची. तुटलेला हेडस्टॉक जर कुणी एपॉक्सी ओतून चिकटवला असेल, तर तो नीट करण्याआधी सगळं खरवडून काढावं लागतं. ताजा, स्वच्छ तुटलेला हेडस्टॉक त्याहून कितीतरी बरा. पुन्हा पॉलिश केलेलं वाद्य चमकतं छान, पण संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत साधारण निम्म्यावर येते. वाजवायलाच घेत असाल तर उलट हीच संधी.

पिकगार्ड आकसून कडा वळलेले असतील, धातूचे भाग हिरवे-काळे पडले असतील आणि पेटी उघडताच आंबूस वास येत असेल, तर ते सेल्युलॉइड कुजतंय. त्यातून निघणारा वायू शेजारचा धातू खातो, आणि सेल्युलॉइड झटकन पेट घेतं. असा भाग काढून वेगळा ठेवा.

गिटारसोबत जुना ॲम्प्लिफायर आलाय. लावून बघू का?

नको. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या काही स्वस्त, छोट्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांत घरातल्या विजेपासून अलग करणारा ट्रान्सफॉर्मरच नसायचा. प्लग उलटा बसला की गिटारच्या तारांत थेट वीज येऊ शकते. आतले कपॅसिटरही प्लग काढल्यानंतर बराच वेळ भारलेले राहतात. जाणकाराने उघडून बघेपर्यंत तो शोभेची वस्तू. डॅनइलेक्ट्रोने सिल्व्हरटोनसाठी बनवलेल्या १४४८ सारख्या गिटारींची पेटी हीच ॲम्प्लिफायर असते, त्यामुळे ‘नुसती पेटी आहे’ म्हणून प्लग लावायचा मोह जास्त होतो.

बोली किती लावायची आणि कधी?

आकडा लिलाव बघण्याआधी ठरतो. समजा तीच गिटार दुरुस्त होऊन वाजती असताना १०० ला विकली जाते. नेक रीसेटला ४५, पाठवणीला २०, नट-तारा वगैरेला १० धरले, तर उरतात २५. त्यातून न दिसलेल्या दोषासाठी काहीतरी बाजूला काढलं, की तुमची कमाल बोली १५ च्या आसपास येते. सध्याची बोली ४० वर असेल तर खिडकी बंद करा. समोरचा जास्त देतोय म्हणजे त्याला काही जास्त कळलंय असं नाही. बहुधा त्याने नेक बघितलेली नाही. इथेच घोडं पेंड खातं, कारण बोलीच्या चढाओढीत शेवटच्या मिनिटाला हा हिशेब कुणालाच आठवत नाही.

बहुतेक साइटवर तुम्ही कमाल रक्कम भरता आणि यंत्रणा तुमच्या वतीने लागेल तेवढीच वाढवत जाते. त्यामुळे आधीपासून थोडी थोडी वाढवत बसण्यात अर्थ नाही. त्याने फक्त इतरांचं लक्ष वेधतं. एकदाच, शेवटच्या मिनिटात, ठरलेली पूर्ण रक्कम. गोल आकड्यापेक्षा किंचित वर ठेवा. काही साइट शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढवतात, तिथे घाईचा फायदा नसतो, म्हणून नियम आधी वाचा. हाताळणीचं शुल्क आणि कर वेगळे लागतात का, तेही.

शोधताना चुकीची स्पेलिंगं टाकून बघा. एक अक्षर गळलेलं ‘मँडोलिन’ किंवा नुसतंच ‘तारांचं वाद्य’ असं नाव दिलेल्या वस्तूवर गर्दी नसते.

पाठवणीचा खर्च एवढा का येतो? गिटार तर दोन किलोची आहे.

कुरियर वजनाऐवजी आकारमानाचे पैसे घेतो. १२० बाय ५० बाय २० सेंटिमीटरचा खोका म्हणजे १,२०,००० घनसेंटिमीटर. त्याला ५००० ने भागायची पद्धत सर्रास आहे, म्हणजे तुमची दोन किलोची गिटार कागदावर २४ किलोची होते. जवळ असेल तर जाऊन आणण्याचा पर्याय निवडा.

पैसे भरल्या भरल्या पॅकिंगबद्दल विनंती पाठवा, आणि ती छोटी ठेवा. तारा सैल करा, पण व्हायोलिनच्या पूर्ण काढू नका, नाहीतर साउंडपोस्ट पडेल. हेडस्टॉकच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे कागदाचे बोळे ठासून भरा. या दोन्हींत हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं. पेटी उभी आपटली की वाद्य आत थांबतं आणि जड ट्यूनर लावलेला हेडस्टॉक पुढे जातो. गिब्सनसारख्या मागे झुकलेल्या महोगनी हेडस्टॉकांत नटच्या मागे ट्रस रॉडसाठी (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईसाठी) लाकूड आधीच कोरलेलं असतं. तुटतं ते नेमकं तिथेच. कडक पेटीत आहे म्हणून सुरक्षित, असं मानू नका. मोकळी घोडी असलेल्या वाद्याची घोडी काढून वेगळी गुंडाळायला सांगा.

दुसऱ्या देशातून मागवताना काही कायद्याची अडचण?

लाकूड आणि हाड-शिंपल्यांची आहे. ब्राझिलियन रोझवुड ११ जून १९९२ पासून साइटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सीमा ओलांडायला परवाने लागतातच. मार्टिनने १९६९ च्या अखेरीस ते सोडून भारतीय रोझवुड धरलं, म्हणून त्याआधीच्या रोझवुडच्या मार्टिनबद्दल विशेष सावध राहा. बाकीच्या रोझवुडांवर २०१७ च्या सुरुवातीला निर्बंध आले होते, पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. हस्तिदंताचा नट आणि खऱ्या कासवाच्या पाठीचा पिकगार्ड यांनाही बंदी लागू होते. बहुतेक पिकगार्ड कासवाची नक्कल केलेले सेल्युलॉइडचे असतात, पण ते कस्टमच्या माणसाला पटवून द्यायचं काम तुमचं. थ्रिफ्ट संस्था अशा कागदपत्रांच्या भानगडीत पडत नाहीत.

वाद्य घरी आलं. आता?

खोका लगेच उघडू नका, विशेषतः थंडीत आला असेल तर. जुन्या लॅकरला अचानक उष्णता लागली की त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. खोका बंदच ठेवून एक दिवस खोलीत राहू द्या. उघडताना व्हिडिओ काढा, कारण नुकसानभरपाईची मुदत छोटी असते आणि खोक्याचा फोटो मागतातच.

पेटीला कुबट वास असेल तर वाद्य आणि पेटी वेगवेगळी ठेवा, आणि पेटीच्या अस्तराच्या शिवणीत किडे बघा. पेटीतले सगळे कप्पे रिकामे करा. सुटलेली ब्रिजची खुंटी, मूळ सॅडल, दुकानाची पावती, क्वचित मालकाच्या हातची तारीख तिथे सापडते. यातलं काही फेकू नका.

जुन्या तारा आल्या आल्या पूर्ण सुरात ताणू नका. आधी आरसा आणि दिवा आत घालून पट्ट्या तपासा, बोटाने हलके ठोकत जा. सुटलेली पट्टी खडखडते. सगळं घट्ट असेल तर हलक्या तारांचा नवा संच लावा, दोन स्वर खाली ठेवा आणि दोन-तीन दिवस ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकतो का बघत राहा. सरकत नसेल तर हळूहळू सुरात आणा. सरकला तर तारा सैल करून कारागिराला फोन लावा.